घरे तापतात, बिले वाढतात

एप्रिल उजाडला की गोव्यात दोन तक्रारी जोडीनेच कानी येऊ लागतात. वीज वारंवार जाते ही एक आणि विजेचे बिल भलतेच आले ही दुसरी. दोन्ही तक्रारी वीज खात्याच्या दारात नेऊन टाकल्या जातात आणि खातेही आपल्या परीने त्यांना उत्तरे देत असते. कुठे ट्रान्सफॉर्मर बदलला जातो, कुठे नव्या वाहिनीचा प्रस्ताव निघतो, दरवाढीच्या सुनावणीत नागरिक तावातावाने बोलतात. या गदारोळात एक आरोपी मात्र चौकशीवाचून मोकळा राहतो. ज्याच्या छायेत बसून आपण ते बिल वाचतो, ते घरच तो आरोपी होय. गेल्या चार-पाच दशकांत गोव्यात ज्या तऱ्हेने घरे उभी राहिली, ती तऱ्हा मुळातच येथील हवेशी वैर धरणारी आहे आणि त्या वैराची भरपाई आपण दर महिन्याला रोखीने करीत आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत पटण्यासाठी प्रथम आपली हवा नीट समजून घेतली पाहिजे. मे महिन्यात इंदूरला दुपारचे तापमान ४० अंशांच्या घरात जाते, पण पहाटे ते २५ अंशांपर्यंत उतरते. पणजीत त्याच महिन्यात दुपारी ३३-३४ अंश असतात आणि पहाटे २६-२७. नुसते आकडे पाहणाऱ्याला पणजी सुखाची वाटेल; प्रत्यक्षात माळव्यातून आलेला पाहुणा येथे दोन तासांत सदरा बदलायला मागतो. माणसाचे शरीर थंड राहते ते घाम वाळल्यामुळे आणि दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. माळव्यात जाड भिंतीचे घर रात्री निवते आणि तो गारवा दुपारपर्यंत पुरवते. खिडकीत वाळ्याचा ताटवा किंवा पाण्याचा कूलर लावला की कोरडी हवा गार होऊन आत येते. आपल्याकडे दिवस आणि रात्र यांत जेमतेम सात अंशांचे अंतर. भिंतीला निवण्यास सवडच मिळत नाही आणि कूलर लावावा तर आधीच ओली असलेली हवा आणखी ओली होते. तेव्हा किनारपट्टीवरील घराला करता येण्याजोग्या गोष्टी दोनच उरतात. ऊन बाहेरच्या बाहेर अडविणे आणि वारा आत घेऊन तो माणसाच्या अंगावरून जाऊ देणे. बाकी सारे तपशील या दोहोंच्या पोटात येतात.

आपले जुने घर या दोन गोष्टी करीत होते. उंच जोते, चारी बाजूंनी उतरणारे कौलारू छप्पर, भिंतीच्या पुढे दोन-तीन हात झुकलेल्या पाखाड्या, पुढे वसरी किंवा बाल्कांव, हिंदू घरात मधोमध राजांगण. दुपारी राजांगणातील तापलेली हवा वर निघून जाई आणि तिच्या जागी वसरीतली सावलीतली हवा ओढली जाई. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने असत. त्यांतून उजेड येई, पण डोळे दिपविणारी तिरीप येत नसे. कौल पातळ असते. ते दुपारी तापते खरे, पण त्याच्या अंगी उष्णता साठविण्याची ताकद नसल्याने दिवेलागणीनंतर लवकरच निवते. शिवाय कौलांच्या फटींतून गरम हवा आपोआप बाहेर पडते. खाली लाकडी तक्तपोशी असली तर कौलांची धग माणसापर्यंत पोचतच नाही. गंमत अशी की, ज्या मंगळुरी कौलाला आज आपण परंपरेचे प्रतीक मानतो, ते एका काळी कारखान्यात निघालेला अगदी नवा माल होता. बाझल मिशनने मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, तेव्हा कुठे ते या किनाऱ्यावर पसरले. त्यापूर्वी आपल्याकडे हाताने घडविलेले नळे होते. पूर्वजांनी नवे नाकारले नाही. जे नवे या हवेला सोसले ते घेतले, एवढेच.

जुन्या घरांची आरती ओवाळण्याचा आमचा हेतू नाही. त्या घरांत राहिलेल्यांना ठाऊक आहे की मधल्या खोल्यांत दिवसाही दिवा लावावा लागे, पावसाळ्यात भिंतींना ओल येई, वाशांना वाळवी लागे. दर वर्षी मृगापूर्वी शाकारणी करावी लागे आणि आज ती करणारा कसबी माणूस मिळणे दुरापास्त झाले आहे. माकडांची एक टोळी छपरावरून गेली की पन्नास कौलांचा चुराडा ठरलेला. त्यात जमिनीचे भाव असे वाढले की मध्यम स्थितीतल्या कुटुंबाला सातशे चौरस फुटांच्या फ्लॅटवर समाधान मानावे लागते; त्यात राजांगण कोठून आणणार? स्लॅबचे घर आले ते या अडचणींतून आले आणि ते परत जाणार नाही. आमचा आक्षेप सिमेंटच्या स्लॅबला नाही. स्लॅब घालताना कौल जे काम करीत होते ते आता कोण करणार, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, याला आहे.

छपराचा प्रश्न आपल्याकडे इतर कोणत्याही भागापेक्षा मोठा आहे, याचे कारण भूगोलात आहे. गोवा सुमारे १५ अंश उत्तर अक्षांशावर येतो. मे महिन्याच्या आरंभी आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य येथे भर दुपारी अगदी डोक्यावर असतो आणि मार्चपासूनच तो माथ्याच्या जवळ आलेला असतो. अशा वेळी भिंतीपेक्षा छपरावर कितीतरी अधिक ऊन पडते. उघडा, काळवंडलेला, सहा इंचांचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर हे ऊन पितो. उष्णता त्याच्या जाडीतून सावकाश खाली उतरते आणि तिचा पुरता ताव जाणवतो तो सायंकाळी. म्हणजे रात्री दहा वाजता अंथरुणावर पाठ टेकलेल्या माणसाला दुपारचे ऊन लागत असते. तो वातानुकूलन यंत्र चालू करतो आणि ते यंत्र पहिले काही तास हवा थंड करण्याऐवजी स्लॅबशी झगडण्यात घालवते. वरच्या मजल्यावरील फ्लॅटचे बिल खालच्या मजल्यापेक्षा जास्त का येते, याचे उत्तर मीटरमध्ये शोधण्याचे कारण नाही.

याला उपाय आहेत आणि ते फार महागही नाहीत. सर्वांत स्वस्त उपाय पांढऱ्या रंगाचा. चुन्याचा जाड हात किंवा ऊन परतविणारा पांढरा लेप दिला की स्लॅब पुष्कळ कमी तापतो. वडोदऱ्याकडील गच्च्यांवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी आढळते, तिच्यामागे हेच शहाणपण आहे. तेलंगणा सरकारने २०२३ साली शीतल छपरांचे धोरणच जाहीर केले आणि सरकारी व व्यापारी इमारतींबरोबर ६०० चौरस यार्डांपासून पुढच्या भूखंडांवरील नव्या घरांनाही ते लागू केले. हैदराबादची हवा आपल्याइतकी दमट नाही, पण स्लॅबवर पडणारे ऊन तेथेही तेच. गोव्यात मात्र एक पथ्य पाळावे लागेल. आपल्या पावसात कोणताही पांढरा रंग शेवाळाने हिरवा-काळा होतो. म्हणून मे महिन्यात घाईने चुना मारून उपयोग नाही. पाऊस ओसरल्यावर गच्ची घासून धुऊन ऑक्टोबरात हात द्यावा, म्हणजे ऑक्टोबरचा उकाडा आणि पुढचा सगळा उन्हाळा पदरात पडतो.

दुसरा उपाय लोकांनी स्वतःच अजाणता शोधून काढला आहे. गळती थांबविण्यासाठी गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घालण्याची चाल गोव्यात घरोघर दिसते. सौंदर्याच्या दृष्टीने तिच्याविषयी जितके कमी बोलावे तितके बरे. पण उष्णतेच्या दृष्टीने ती स्लॅबवर धरलेली छत्री आहे. अट एवढीच की छत्रीखालून वारा वाहिला पाहिजे. बहुतेक जण हळूहळू तिच्या चारी बाजू पत्र्याने किंवा जाळीने बंद करून तेथे अडगळ भरतात आणि छत्रीची भट्टी करून टाकतात. दोन बाजू, निदान वाऱ्याच्या दिशेच्या, उघड्या ठेवल्या आणि पत्रा वरून पांढरा केला तर तोच खर्च दोन कामे करील. सौर पॅनेल बसविणाऱ्यांनाही हा लाभ आपोआप मिळतो, कारण पॅनेलच्या खाली सावली पडते.

नवे घर बांधणाऱ्याने मात्र आणखी पुढे जावे. लॉरी बेकर (१९१७-२००७) हे जन्माने इंग्रज वास्तुकार तिरुवनंतपुरमला स्थायिक झाले आणि आपल्यासारख्याच हवेत त्यांनी आयुष्यभर कमी खर्चाची घरे बांधली. स्लॅबच्या खालच्या भागातील बरेचसे काँक्रीट भार पेलण्याच्या कामी येत नाही, हे ओळखून ते सळ्यांच्या चौकटींत मंगळुरी कौलांच्या जोड्या बसवीत आणि वरून काँक्रीट ओतीत. त्यात सिमेंट वाचते, स्लॅब हलका होतो आणि कौलांमध्ये कोंडलेली हवा उष्णतेला अडविते. गोव्यात आज जुनी घरे पाडली जातात, तेव्हा धडधाकट कौले ट्रकांनी भरावात जाऊन पडतात. त्यांचा याहून चांगला उपयोग आम्हाला तरी सुचत नाही. ज्याला हे जमत नसेल त्याने स्लॅबवर उष्णतारोधक थर घालून वर फरशी बसवावी. बांधतानाच केले तर हा खर्च घराच्या एकूण किमतीत कोठल्याकोठे लपून जातो.

आता वाऱ्याकडे वळू. येथे आपण केलेला अपराध अधिक मोठा आहे, कारण तो फुकट मिळणाऱ्या वस्तूच्या बाबतीत आहे. उन्हाळ्यातील दुपारी समुद्रावरून पश्चिम-वायव्येचा वारा येतो. वारा घरात शिरायचा तर त्याला बाहेर जाण्याची वाटही हवी. एकच खिडकी असलेल्या खोलीत तो डोकावून परत फिरतो. फ्लॅटच्या नकाशात मधोमध अंधारा बोळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लॅट अशी रचना केली की प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला एकाच बाजूच्या खिडक्या येतात, आणि त्या क्षणी त्या कुटुंबाचे पुढल्या तीस वर्षांचे बिल ठरून जाते. त्यात भर सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांची. दोन रुळांवरची सरकती खिडकी कितीही मोठी केली तरी उघडते अर्धीच. पाच फूट बाय चार फूट खिडकीचे वीस चौरस फूट होतात. सरकत्या खिडकीतून त्यांपैकी दहाच वाऱ्याच्या वाट्याला येतात, तर बिजागरीच्या जुन्या पद्धतीच्या झडपा जवळजवळ पूर्ण वीस देतात. उरलेल्या दहा फुटांतून येतो तो प्रकाश आणि ऊन.

पश्चिमेची मोठी अडचण आम्ही जाणतो. वारा पश्चिमेचा आणि दुपारनंतरचे कडक ऊनही पश्चिमेचेच. पावसाचा सपाटाही नैर्ऋत्येकडून. खिडकी उघडावी तर ऊन आत येते, बंद करावी तर वारा जातो. सूर्य क्षितिजाकडे कलला की खिडकीवरील आडव्या छज्जाचा काही उपयोग होत नाही. उभ्या पट्ट्या, जाळी, खोल गॅलरी किंवा झाड यांपैकी काहीतरी लागते. आणि ही सावली काचेच्या बाहेर हवी. आतला पडदा कितीही जाड असला तरी तोवर ऊन घरात येऊन चुकलेले असते. उंच इमारतीत हे जमत नाही, अशी सबब सांगणाऱ्यांनी मुंबईच्या कंबाला हिलवरील कांचनजंगा ही इमारत पाहावी. ज्यांच्या घराण्याचे मूळ गोव्यात होते त्या चार्ल्स कोरिया यांनी ती रचली आणि १९८३ साली ती पुरी झाली. समुद्राच्या वाऱ्यासाठी ती त्यांनी पश्चिमेलाच खुली केली, पण जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याचे तत्त्व उचलून घरांच्या कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या दिल्या, म्हणजे ऊन-पाऊस त्या गच्चीत थांबतो आणि वारा पुढे जातो. ती श्रीमंतांची इमारत आहे हे खरे. पण खोल गॅलरी ही कल्पना काही श्रीमंतांची मक्तेदारी नव्हे. आपल्याकडे मात्र घराचा ताबा मिळताच पहिले काम होते ते गॅलरीला काचा लावून ती खोलीत सामावून घेण्याचे. साठ चौरस फुटांच्या लोभापायी लोक घराची एकुलती एक सावली गमावून बसतात.

घर झाल्यावर यंत्रांची पाळी. येथे थोडा हिशेब केलेला बरा, कारण बचतीचे बोलणे आकड्यांवाचून पोकळ वाटते. जुना छताचा पंखा ७५ वॉट घेतो. नव्या बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज बारा तास आणि वर्षातून ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. युनिटला चार रुपये हा सोयीचा दर धरला तर ते साडेसहाशे रुपये होतात. नव्या पंख्याची किंमत दीड हजारांनी जास्त असली तरी ती अडीच वर्षांच्या आत वसूल होते, आणि घरात चार पंखे असतात. पंख्यांना तारांकनाचे लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले आहे. दुकानात ते पाहून घेण्यास पैसे पडत नाहीत. पंखा खोली थंड करीत नाही, माणसाला थंड करतो, हेही ध्यानात असू द्यावे. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा उलट थोडी उष्णताच निर्माण करतो.

वातानुकूलन यंत्राला आमचा तात्त्विक विरोध नाही. मे महिन्यातील काही रात्री अशा असतात की वारा पूर्ण पडतो आणि घरात म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल असले तर ते यंत्र ही चैन राहत नाही. पण ते चालवावे कसे? दीड टनाचे यंत्र रात्री आठ तासांप्रमाणे वर्षातून १२० रात्री चालले आणि ताशी सरासरी एक युनिट पडले तर ९६० युनिट होतात. तापमान एका अंशाने वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. १ जानेवारी २०२० पासून नवी यंत्रे २४ अंशांवर सुरू होतील अशीच बनविली जातात. आपण मात्र रिमोट हाती येताच १८ वर जातो आणि मग पांघरूण शोधतो. २७ अंश आणि वर मंद पंखा, एवढ्याने बहुतेकांना सुखाची झोप लागते, आणि २४ च्या तुलनेत सहाव्या हिश्शाच्या जवळपास वीज वाचते. ज्या खोलीत यंत्र आहे ती लहान, सावलीतली आणि फटी बुजविलेली असावी, कारण बाहेरची दमट हवा आत झिरपली की तिच्यातले पाणी काढण्यातच यंत्राची बरीच शक्ती जाते. घरात एक खोली बंद करण्याजोगी आणि बाकीचे घर वाऱ्याला मोकळे, ही विभागणी आपल्या हवेला सर्वांत मानवणारी आहे. पाणी तापविणारा दोन किलोवॉटचा गीझर रोज अर्धा तास चालला तरी दिवसाला एक युनिट खातो, आणि उन्हाने तापलेल्या गच्चीखाली राहणाऱ्यांनी विजेवर पाणी तापवावे हा विनोदच आहे.

छपरावर वीज निर्माण करण्याचा मार्गही आता खुला आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे साहाय्य ठेवण्यात आले. एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज मिळते. खाऱ्या हवेत सांगाडा लवकर गंजतो, तेव्हा जस्ताचा पक्का मुलामा असलेला किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा मागून घ्यावा. पण क्रम उलटा होऊ नये. तापणारे घर तसेच ठेवून त्यावर पॅनेल बसविणे म्हणजे गळकी घागर भरण्यासाठी विहीर मोठी करणे होय.

इतके सारे उपाय ठाऊक असताना घरे अशी का बांधली जातात? याचे उत्तर अज्ञानापेक्षा व्यवहारात अधिक आहे. घर बांधतो बिल्डर आणि बिल भरतो विकत घेणारा. उष्णतारोधक थराचे पैसे ज्याच्या खिशातून जाणार त्याला त्याचा एक पैसाही परत मिळणार नाही. भाड्याच्या घरात तर मालक छपराकडे ढुंकून पाहत नाही, कारण मीटर भाडेकरूचे. अलीकडे सुट्टीपुरते येणाऱ्यांसाठी जमिनीपासून छतापर्यंत काचा लावलेले बंगले डोंगरउतारांवर उगवत आहेत. तेथे वर्षातून चार-सहा आठवडे मुक्काम, पण तेवढ्या काळात प्रत्येक खोलीतील यंत्र अखंड चालू. आणि तो मुक्काम बरोबर उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर आधीच ताण असतो तेव्हा. शेजारच्या घरातील दिवे मंद होतात, त्याची किंमत मात्र कोणत्याच बिलात दिसत नाही. त्यातून इतर अनेक राज्यांच्या मानाने गोव्यातील घरगुती वीज स्वस्त, म्हणून घर घेताना ‘बिल किती येईल’ हा प्रश्न कोणी विचारीत नाही. नळाला पाणी किती वेळ येते, गाडी कुठे लावायची, एवढे विचारले की गिऱ्हाईक समाधान पावते.

या व्यवहारात सर्वांत मोठी झळ कोणाला लागते? ज्याच्याकडे यंत्रही नाही आणि स्लॅबही नाही त्याला. औद्योगिक वसाहतींच्या आसपास आणि शहरांच्या कडेला भाड्याने दिलेल्या पत्र्याच्या खोल्या आहेत. त्यांना बहुधा एक दार आणि एक लहानशी खिडकी असते. डोक्यावर हाताच्या अंतरावर तापलेला पत्रा आणि खोलीत चार-पाच माणसे. दिवसभर राबलेल्या या माणसांचा प्रश्न बिलाचा नाही, झोपेचा आहे, आणि रात्री शरीर निवले नाही तर दुसऱ्या दिवशीच्या उन्हात ते दगा देऊ शकते. पत्र्याला वरून चुना, खाली एखादा हात अंतर सोडून छत आणि समोरासमोर दोन झरोके, एवढ्याने खोलीचा नूर पालटतो. नारळाच्या झावळ्यांचे झाप घालण्याची जुनी युक्ती चांगली, पण दाटीच्या वस्तीत आगीचे भय असते, तेव्हा तेथे ती सुचवायला आमचे मन धजत नाही. भाडे घेणाऱ्यांकडून एवढे करवून घेणे पंचायतींना अशक्य नाही.

आणखी एक बिल आहे, जे कोणाच्याच नावावर येत नाही. गोव्यात स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही; आपली बहुतेक वीज बाहेरून येते. तम्नार प्रकल्पाच्या ४०० केव्ही वाहिनीसाठी मोले येथील अभयारण्यातून नवा पट्टा पाडण्याचा घाट घातला गेला तेव्हा २०२० साली येथील तरुण पिढी रस्त्यावर उतरली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ साली जुन्या २२० केव्ही वाहिनीच्याच पट्ट्याचा वापर करावा असे सुचविले. त्या आंदोलनाबद्दल आम्हाला आदर आहे. पण विजेची मागणी वाढत राहिली तर आज अडविलेली वाहिनी उद्या दुसऱ्या रानातून येईल, हेही तितकेच खरे. मोलेची झाडे वाचविण्यासाठी घोषणा देणाऱ्या हातांनी आपल्या गच्चीवर पांढरा लेप द्यावा, ही अपेक्षा गैरवाजवी नसावी.

सरकारला नव्याने काही शोधून काढायचे नाही. केंद्राने २०१८ सालीच निवासी इमारतींसाठी इको-निवास संहिता काढून ठेवली आहे. तिच्यात उष्ण-दमट हवेसाठी उघडू शकणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र घराच्या चटईक्षेत्राच्या निदान एक षष्ठांश असावे असे सांगितले आहे. म्हणजे सहाशे चौरस फुटांच्या फ्लॅटला शंभर चौरस फूट. गॅलरीची दारे त्यात धरली जातात, पण सरकत्या खिडकीचा उघडणारा अर्धाच भाग धरला जातो. आपल्या नव्या फ्लॅटमध्ये फीत लावून कोणीही हा हिशेब करून पाहावा. छपरातून आत येणाऱ्या उष्णतेलाही तिच्यात मर्यादा आहे, आणि नुसता उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक उष्णता आत सोडतो. २०२२ च्या दुरुस्तीने ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कक्षेत मोठ्या निवासी इमारतीही आणल्या गेल्या. आता हे नियम गोव्याच्या २०१० च्या बांधकाम नियमावलीत ठळकपणे आणि लहान इमारतींनाही झेपतील अशा सोप्या भाषेत आले पाहिजेत. नगरनियोजन खात्याकडे येणाऱ्या नकाशावर वास्तुकाराने तीन आकडे लिहावेत: उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र, छपराची उष्णतारोधकता आणि पश्चिमेच्या काचेला बाहेरून असलेली सावली. वास्तव्य दाखला देताना पालिकेच्या किंवा पंचायतीच्या माणसाने ते जागेवर पडताळून पाहावेत आणि विक्रीच्या जाहिरातीत पोहण्याच्या तलावाच्या चित्राशेजारी ते छापणे बिल्डरला भाग पाडावे.

याची सुरुवात गृहनिर्माण मंडळाने आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने स्वतःच्या इमारतींपासून करावी. सरकारी कचेऱ्या, शाळा, आरोग्य केंद्रे आणि कर्मचाऱ्यांच्या वसाहती यांच्या गच्च्या येत्या ऑक्टोबरात धुऊन पांढऱ्या केल्या, तर पुढच्या मे महिन्याच्या बिलांशी त्यांची तुलना करता येईल. ती बिले सरकारनेच भरलेली असतील, तेव्हा आकडे मिळवण्यासाठी कोणाकडे अर्ज करण्याचीही गरज पडणार नाही.